खोलनाथाचा ऑनलाइन कौल

"खोलनाथाचो दरवाजो आदिलशहाक बंद करूक जमलो नाय, फिरंग्यांका जमलो नाय, पटकीच्या साथीक जमलो नाय. ह्या करोनाची काय बिशाद!"

अण्णा परबांनी हे वाक्य देवळाच्या पायरीवर उभं राहून, उजवा हात आभाळाकडे नेऊन म्हटलं. त्या वेळी त्यांच्या पाठीमागच्या दरवाजाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात होती. आदल्या दिवशी तलाठी येऊन गेला होता.

अण्णा म्हणजे आमच्या धामणखोलच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेली, केस काळेकुळकुळीत, आवाज शंखासारखा. सरकारी कागद हातात आला की स्वतः वाचायचे नाहीत, शेजारी असेल त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "वाच रे मोठ्यान, सगळ्यांक ऐकांदे." लोकशाही म्हणतात ती हीच असावी, असं मला वाटायचं.

मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन गावी आलो होतो. जन्मभर टेलिफोन खात्यात होतो, म्हणजे तक्रारी नोंदवून घेण्याच्या टेबलावर. तुमचा फोन दुरुस्त होणार नाही हे नम्रपणे सांगणं, एवढीच विद्या माझ्याजवळ होती. पण गावाच्या हिशेबी टेलिफोन खातं म्हणजे मोबाईलही त्यातच आला. त्यामुळे देव ऑनलाइन नेण्याची जबाबदारी माझ्यावर पडली.

देव ऑनलाइन जाण्याआधी आम्ही बाकीचे उपाय करून पाहिले होते. घंटेला कोणी हात लावू नये म्हणून ती जुन्या धोतरात गुंडाळली होती. कोणी चुकून ओढलीच तर देवाला खोकला झाल्यासारखा आवाज यायचा. तीर्थ हातावर द्यायचं नाही असं ठरल्यावर बाबल गुरवाने आंब्यावर औषध मारायचा छोटा पंप आणला आणि लांबूनच भाविकांवर तीर्थ मारू लागला. पंप नवा आहे, हे तो प्रत्येकाला शपथेवर सांगायचा. मग दरवाजाच बंद झाला आणि संध्याकाळची आरती फोनवर आली. ती सगळ्यांची एकदम सुरू व्हायची आणि आपापल्या रेंजप्रमाणे संपायची.

हे सगळं देवाने मुकाट्याने चालवून घेतलं. खरा पेच पडला गणपतीच्या आधी.

मुंबईला नोकरीधंद्याला गेलेले आमचे चाकरमानी गावी यायला निघाले होते. तिकडे कामं बंद, एका खोलीत पाच-पाच माणसं, आणि इकडे बापजाद्यांची घरं रिकामी. पण गाव घाबरलं होतं. चाकरमान्यांना घ्यायचं की वेशीवरूनच परत पाठवायचं, हे ठरवायला देवळाच्या आवारात सभा भरली. चुन्याची वर्तुळं आखली होती आणि प्रत्येकाने आपापल्या वर्तुळात बसून भांडायचं होतं.

"एकाक घेतलास तर सगळ्यांका घेवचा लागतला," अण्णा म्हणाले. "माझा मत सपष्ट हा. यंदा कोणीच नको."

कोपऱ्यातल्या वर्तुळात बाबल गुरव उकिडवा बसला होता. त्याची एकुलती एक लेक दर्शना नालासोपाऱ्याला होती. जावयाचं हॉटेलातलं काम सुटलं होतं आणि तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण रिवाजापेक्षा मोठी गोष्ट अशी की तिकडे तिच्याजवळ बाईमाणूस म्हणून कोणी नव्हतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि बाबल त्यातलं अक्षर बोलत नव्हता.

शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "देवाक इचारा मां!"

आमच्याकडे यावर अपील नसतं. खोलनाथ म्हणजे हातपाय, नाकडोळे काही नसलेला कमरेएवढा काळा पाषाण. त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. गावातली लग्नं, विहिरी आणि निवडणुकीचे उमेदवार याच पद्धतीने ठरलेले आहेत. विहिरींना मात्र पाणी लागलं आहे.

"इचारूया," अण्णा म्हणाले. "पण कौल लावतलो कोण? बाबल. आणि बाबलाचा चेडू खंय? नालासोपाऱ्याक."

सगळी वर्तुळं बाबलकडे वळली. तो उभा राहिला. मास्क खाली केला, आठवण होऊन पुन्हा वर ओढला.

"अण्णानू, माझ्या घराण्यान देवाच्या नावार खोटा सांगूक नाय कधी."

"मी खंय म्हणतंय तू खोटा सांगतलस? मी म्हणतंय, सगळ्या गावान बघूक व्हया. गाभाऱ्यात तू एकटोच जातलस. मगे फोन लाव थंय. मुकुंद, जमतला काय तुका?"

"जमेल," मी म्हणालो. तक्रारीच्या टेबलावर हे एक वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते बोलताना बरं वाटलं.

देवापुढे अध्यक्षांचाच फोन राहील असा अण्णांचा आग्रह पडला. त्या फोनच्या पाठीवर मागच्या उन्हाळ्यात नारळ पडला होता आणि मागचा कॅमेरा गेला होता. पण पुढचा उत्तम होता. त्यात अण्णांच्या भाचीने चेहरा उजळ दिसण्याचं काहीतरी घालून दिलं होतं. देवाचा काळा रंग त्यात थोडा सावळा दिसायचा, एवढंच.

कौलाच्या दिवशी मी फोन गाभाऱ्यात तिकाटण्यावर उभा करून दिला आणि अण्णांच्या पडवीत आलो. तिथे माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर मध्यभागी खोलनाथ, आणि बाजूला लहान लहान चौकटींत धामणखोल आणि मुंबई. एका चौकटीत दर्शना होती. भिंतीला पाठ टेकून, ओढणी पोटावर घेऊन. तिच्या डोक्यावरच्या पंख्याचा कटकट आवाज आमच्या पडवीत येत होता.

बाबलने काळ्या पाषाणावर अनंताच्या पांढऱ्या पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा खोलनाथा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायरेर येवक शकणत नाय, ती ह्या डबड्यातसून तुझ्यासमोर उभी आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पडवीतून आम्ही म्हणालो. पाठोपाठ दादरहून "होय म्हाराजा", मग विरारहून, आणि बऱ्याच वेळाने, बाबल पुढच्या वाक्याच्या मध्यावर असताना, डोंबिवलीहून.

"परदेशी गेलेली पोरां घराकडे येवक बघतत. त्यांका वाट दिवची काय नाय, ता तूच सांग. आणि जा काय सांगशीत, ता आमका सोसूक बळ दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आता गुरवाचो आवाज बंद कर," अण्णा मला म्हणाले. "पुटपुटता तो. देवाक फितवीत."

मी बंद केला. पडवीत फक्त पंख्याची कटकट राहिली. उदबत्तीचा धूर पाषाणावरून वर चढत होता, आणि त्या धुरामागे एक पाकळी सैल होताना दिसली. आधी कड सुटली. मग ती घरंगळली.

"उजवी!" कोणीतरी किंचाळलं. "उजवी पडली! उजवो कौल!"

चौकटीचौकटींतून माणसं उठून उभी राहिली. कोणी रडत होतं, कोणी गाडीची चौकशी सुरू केली होती. दर्शनाने ओढणीत तोंड लपवलं. मधल्या मोठ्या चौकटीत बाबल कॅमेऱ्याकडे वळून दोन्ही हात हलवत काहीतरी बोलत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मान हलत होती.

"गुरवाचा आवाज सुरू करतो," मी म्हणालो.

"ऱ्हवांदे," अण्णांनी माझा हात धरला. "खुशीन बडबडता तो." मग ते उठले, टीव्हीला नमस्कार केला आणि शंख फुंकावा तसे म्हणाले, "सगळ्या गावान आपल्या डोळ्यांनी बघल्यान. देवान होय म्हटल्यान. चाकरमानी येतले, शाळेत ऱ्हवतले, गाव त्यांका जेवण पोचवतला. इषय संपलो."

इतकी वर्षं ज्या माणसाला विरोधाशिवाय अन्न पचत नसे, तो इतक्या लवकर कसा वळला, याचं मला जरा नवल वाटलं. पण देवाचा कौल म्हटल्यावर नवल करत बसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबल माझ्या अंगणात. मास्क विसरला होता, चपला विसरला होता.

"तात्यानू, एक इचारू? फोन उजव्याचा डावा दाखवता काय कधी?"

"का रे?"

"पाकळी डावी पडली." तो अंगणातच खाली बसला. "माझ्या हातभर लांब पडली. मी ओरडान सांगी होतंय, डावी, डावी. कोणी आयकूक नाय. भायर इलंय तर लोक फटाके लावी होते."

आम्ही दोघे देवळात गेलो. फोन तिकाटण्यावरच होता; माझ्या फोनवरून मी त्याला पुन्हा कॉल जोडला. मी बाबलला पाषाणाशेजारी उभं केलं आणि उजवा हात वर करायला सांगितला. माझ्या फोनवरच्या बाबलने डावा हात वर केला. भाचीने घातलेल्या त्या सौंदर्यप्रसाधनाने देवाचा आरसा करून टाकला होता. खात्री म्हणून मी पाषाणामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे अण्णांच्या वडलांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. फोनमध्ये तिची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी दिसत होती. आदल्या दिवशी टीव्हीवरही ती तशीच दिसली असणार; पण दुसऱ्याच्या बापाच्या नावाची पाटी गावात कोण वाचतो? आम्ही सगळे पाकळ्या बघत होतो.

"देवान नाय म्हटल्यान," बाबल म्हणाला. "आणि माझा चेडू गाडयेत बसला."

"बाबल, तू गप्प राहिलास तर कोणाला कळणार नाही. मी बोलणार नाही."

तो माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी त्याला देवाच्या समया विकायला सांगितल्या. मग उठून थेट अण्णांच्या घराकडे चालू लागला. मी मागोमाग.

अण्णा पडवीत खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. बाबलने सगळं सांगितलं. मी फोनचं शास्त्र सांगितलं. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही. आरशातूनच आमच्याशी बोलले.

"बाबल, देव सगळा जाणता काय नाय?"

"जाणता."

"मगे माझो फोन उलटो दाखवता, ताच तेवढा त्याका ठावक नव्हता?"

बाबलने माझ्याकडे पाहिलं.

"फोन त्याच्या तोंडासमोर होतो," अण्णा गालावरून वस्तरा फिरवत म्हणाले. "गावाक उजवी दिसाक व्हयी तर त्याका डावीच सोडूक व्हयी. सोडल्यान. आता तू एकटो गाव, काय आमी गाव?"

"म्हणजे... गावाक होय म्हटल्यान आणि माका नाय म्हटल्यान?"

"तसा समज. माका दाढी करूंदे."

मी हसलो. अण्णांनी पेचातून अंग काढून घेतलं, असं मला वाटलं. बाबल हसला नाही. त्याने ते जसंच्या तसं घेतलं आणि घरी गेला.

चाकरमानी आले. शाळेत राहिले. दोघांना ताप आला, उतरला. गावात नंतर जी माणसं आजारी पडली ती चाकरमान्यांमुळे नव्हे, अण्णांच्या पुतण्याच्या साखरपुड्यामुळे. पण तो विषय वेगळा. दर्शना शाळेतून घरी आली त्याच दिवशी बाबलने आपली वळकटी उचलली आणि तो देवळाच्या ओसरीवर राहायला गेला.

"गावाक होय, बाबलाक नाय," तो मला म्हणाला. "देवान माका नाय म्हटला तर मी तिका कसो भेटू?"

बायको डबा आणून ठेवायची आणि लांबून शिव्या द्यायची. "देवान ह्याका गुरव केल्यान, बापूस करूक इसारलो!" बाबल मान खाली घालून जेवायचा. लेक देवळाच्या अंगणात आली की तो गाभाऱ्यात जायचा. गावाला वाटलं, गुरव करोनाला भ्याला. त्याने तेही चालवून घेतलं.

दर्शनाला मुलगी झाली. बारसं झालं, बाबल गेला नाही. दर्शना ओसरीखाली येऊन म्हणाली, "बाबा, एकदा बघा तरी हिचा तोंड." आतून फक्त घंटा वाजली, धोतरात गुंडाळलेली.

तेव्हा मी अण्णांकडे गेलो. "तुम्ही दाढी करता करता एक वाक्य बोललात आणि तिकडे माणूस संन्याशी झाला," मी सांगितलं. अण्णा उठले. सदरा चढवला, फोन खिशात टाकला आणि काठी घेऊन निघाले. वाटेत दर्शनाच्या दाराशी थांबून म्हणाले, "गो, मी फोन लावलंय की चेडवाक त्याच्यासमोर धर."

देवळाच्या ओसरीवर बाबल वाती वळत होता. अण्णांनी फोन माझ्याकडे दिला. "लाव."

मी लावला. तोवर अण्णा बाबलशी बोलू लागले.

"बाबल, हो फोन वळखतस मां?"

"वळखतंय."

"ह्याच फोनान देवाच्या 'नाय'चा 'होय' केल्यान. देवाच्या समोर केल्यान, आणि देव कायएक बोलूक नाय. बरोबर?"

"...बरोबर."

"मगे तुझो 'नाय' घे आणि ह्याच्यात बघ."

अण्णांनी माझ्या हातातला फोन घेऊन बाबलपुढे धरला. बाबलने आधी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला. पडद्यावर एक लालबुंद, सुरकुतलेलं, अतिशय नाराज तोंड होतं. चेहरा उजळ करणाऱ्या त्या यंत्राचंही त्यापुढे काही चाललं नसतं.

कितीतरी वेळ बाबल बघत होता. "हिच्या खंयच्या गालार तीळ हा?" त्याने विचारलं.

"डावीकडच्या दिसतो," मी म्हणालो.

"म्हणजे उजव्या," तो म्हणाला. आणि वाती तशाच टाकून, वळकटी तशीच टाकून घराकडे पळत सुटला. साठीचा माणूस पळतो तसा, दोन्ही हात पुढे धरून. तीळ खरा कुठल्या गालावर आहे ते बघायला गेला, असं अण्णा गावाला सांगत असत.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. देवळाचा दरवाजा उघडला, घंटेचं धोतर निघालं, तीर्थ पुन्हा हातावर आलं. पंप मात्र आंब्यांकडे परत गेला नाही. बाबल म्हणतो, एकदा तीर्थ मारलेल्या पंपाने औषध कसं मारू? दर्शनाची मुलगी शाळेत जाते. तीळ उजव्या गालावर आहे.

मला मात्र एका गोष्टीने पुढे फार छळलं. ती उलटी पाटी. गावाने ती वाचली नसेल, मी वाचली नसेल, पण अण्णा? ती त्यांच्या वडलांची पाटी. दर सोमवारी दर्शन घेताना ते देवाच्या आधी तिला हात लावायचे. एवढ्या मोठ्या टीव्हीवर, अगदी समोर बसून, बापाचं नाव उलटं झालेलं त्यांना दिसलं नसेल? आणि मग माझा हात धरणं. "ऱ्हवांदे, खुशीन बडबडता तो." सगळ्यात कडवा विरोधक सगळ्यात आधी नमस्कार करून मोकळा. हळूहळू माझी खात्रीच झाली. त्या दिवशी अण्णांना सगळं कळलं होतं. समोरच्या चौकटीत ओढणीआड बसलेली ती पोर त्यांना दिसत होती, स्वतःचा शब्द मागे घेण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, आणि देवाच्या नावावर एक चूक चालून आली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मागच्या महिन्यात अण्णांकडे गेलो होतो. आता ते फारसे उठत नाहीत. पडवीतल्या आरामखुर्चीत होते, केस पांढरेशुभ्र. पडवीत चार-पाच माणसं गप्पा मारत होती. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं सांगितलं. पाटी, टीव्ही, धरलेला हात.

"अण्णा, तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?"

समोर माडांच्या वर देवळाचा कळस दिसत होता, अण्णा तिकडे बघत राहिले. ओठ हलल्यासारखे झाले. खोलनाथाच्या पायरीवरून आभाळाकडे जायचा तो उजवा हात आता हळूहळू खिशाकडे गेला. मला वाटलं, तो जुना फोन काढतात की काय.

त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"मुकुंद, ह्यातली रातची खंयची, ता जरा वाचून दी. माका वीस वर्षां अक्षर दिसणा नाय." मग गप्पा मारणाऱ्या मंडळींकडे एक नजर टाकून म्हणाले, "पण हळू वाच हां. सगळ्यांक ऐकूक नको."